लिमितानेई म्हणजे वेसकर

मुंबईच्या विमानतळावर आई रडत होती आणि पप्पा माझ्या बॅगेची चेन पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. सैन्यात हवालदार होते, निम्मी नोकरी सीमेवर गेली. निरोप घ्यायची सवय होती त्यांना, द्यायची नव्हती. "आडनाव विचारलं तर छाती काढून सांगायचं," एवढंच बोलले. मी हसले. म्हटलं, पप्पा, जर्मनीत कोण विचारतंय आडनाव?

विचारलं ना! जर्मनांनी नाही, आपल्याच माणसांनी. पहिल्या दिवाळीला एश्बॉर्न गावात एका आयटीवाल्या काकांकडे मराठी मंडळी जमली होती. मी रोमन सैन्यावर पीएचडी करते म्हटल्यावर काकांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव, आणि मग चेहऱ्यावर ते ओळखीचं "अच्छा" आलं. "रोमन कशाला? तुमच्या लोकांवर काम कर की. त्याला स्कोप आहे." तुमच्या लोकांवर! ताटातली चकली तशीच ठेवून मी एस-बान, म्हणजे इथली लोकल, गाठली.

आता तुम्ही घरचे म्हणाल, जाऊ दे गं, सोडून दे. नाही सोडत.

मला रोमनच हवे होते. त्यातही पूर्व सीमेवरचे, साम्राज्याच्या उतरत्या काळातले. युफ्रेटिसच्या काठाला, सीरियाच्या वाळवंटात किल्ल्याकिल्ल्यांतून ज्या पलटणी पिढ्यानपिढ्या पहारा देत बसल्या, ते लोक. लॅटिनमध्ये त्यांना लिमितानेई म्हणतात, सीमेवरचे. सम्राटाबरोबर फिरणाऱ्या फौजेला मान मोठा, यांच्या वाट्याला धूळ. इराणी फौज चालून आली की पहिला घाव यांच्यावर. सैनिकाच्या पोरानं सैनिकच व्हायचं, असा कायदा. आणि इतकं करून नंतरच्या विद्वानांनी त्यांना काय म्हणावं? बाउअर्नमिलित्स. म्हणजे अर्धे शेतकरी, अर्धे शिपाई, कामाचे कुठलेच नाहीत. हे वाचलं की माझं डोकंच फिरायचं.

माझ्या प्रोफेसरांना मात्र भलतंच सुचलं. "गेनाऊ, अगदी बरोबर! जो बापाचा धंदा तोच मुलाचा. तुमच्याकडच्या जातीसारखंच. त्यावर एक प्रकरण लिहा, तुम्ही ते आतून लिहाल." मी लॅटिन शिकले, ग्रीक शिकले, डोळे फुटेस्तोवर शिलालेख वाचले, ते गेलं खड्ड्यात. यांना माझ्यातलं हवं ते एवढंच. तुलनेचं प्रकरण नसेल तर प्रबंध पुढे जाणार नाही, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं. एश्बॉर्नचे काका आणि हे, दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण "तुमच्या" मात्र अगदी सारखं.

कॉलशॉपमधून घरी फोन लावला. म्हटलं, पप्पा, मी परत येते, नको मला ही डॉक्टरकी. त्यांनी विचारलं, ते तुझे शिपाई म्हणजे नक्की कोण गं? मी रडत रडत सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे वेसकर की."

मी भडकलेच. गावाची वेस राखणारा महार तो वेसकर. आमचे पणजोबा ते काम करायचे. पप्पा, तुम्हीसुद्धा तेच? सगळ्यांनी मला धरून तिथंच नेऊन बसवायचं का? मग पप्पांचाही आवाज चढला. "अगं, राखण करायची गावाची आणि राहायचं वेशीबाहेर! वरून म्हणायचं, हे कामाचे नाहीत! हे तुला नाही कळणार तर कुणाला? परत बिरत येऊ नकोस. ते शिपाई होते, एवढं लिही."

तेवढंच लिहिलं. किल्ले कुणी बांधले, कुणी डागडुजी केली, वेढ्यात कोण टिकलं, सगळं पुराव्यानिशी. जातीवर एक ओळ नाही. प्रोफेसरांना म्हटलं, चालत नसेल तर मी दुसरा डॉक्टरफाटर, म्हणजे मार्गदर्शक, शोधते. बरेच दिवस फुगून बसले, शेवटी "या, आल्झो", म्हणजे "हो, बरं तर", करत मान्य केलं.

पहिल्या पानावर अर्पणपत्रिकेत देवनागरीत एकच शब्द टाकला: वेसकरांना. प्रोफेसरांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, सीमेवरचे सैनिक. त्यांना तेवढं पुरे. काका, तुम्हाला मात्र अर्थ विचारावा लागणार नाही.

एक प्रत पप्पांना पाठवली. जर्मन त्यांना येत नाही. पहिलं पान उघडून ते आल्यागेल्याला दाखवतात म्हणे. आणि मला इथे कुणी विचारलं, घर कुठं तुझं, तर मी सांगते, वेशीवर. मला आत घ्या म्हणून कुणाच्या पाया पडायला मी आलेली नाही.