मोहिनीकाकूंचं किडकं बोंड

कल्पना करा, तुम्हाला घाई आहे. घरच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावता. टुंग असा आवाज येतो, लगेच तोच आवाज उलटा येतो, आणि पडद्यावर काहीच उघडत नाही. तुम्ही पेनड्राइव्ह काढता, फुंकर मारता, पुसता, पुन्हा लावता. पुन्हा तेच. आता काय कराल? पोर्ट बदलून बघाल? केबल बदलाल? आमच्याकडे बहुतेक लोक यातलं काहीच करत नाहीत. चक्कीवर दळणाचा डबा ठेवावा तसा पेनड्राइव्ह दुकानात ठेवतात, "राहू द्या भाऊ, संध्याकाळी नेतो" म्हणतात आणि घरी येतात. आपल्या डब्यातलं धान्य कोणी काढून घेणार नाही, हा भरवसा इथे सगळ्यांना असतो.

मोहिनीकाकूंनाही होता.

काकू वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत आमच्या शेजारी राहतात. समोरच्या खोलीत त्यांची कॉम्प्युटरवर चालणारी एम्ब्रॉयडरीची मशीन आहे. नक्षी आधी कॉम्प्युटरवर टाका टाका करून तयार करायची, पेनड्राइव्हवर घ्यायची आणि तो मशीनला लावायचा, की सुई चालू लागते. बाजारात मोर, कलश, डोलीतली नवरी अशा तयार नक्ष्या ढिगाने मिळतात. काकू त्या वापरत नाहीत. त्यांचं माहेर अल्लीपूरचं. तिथल्या शेतातली पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, डोळ्यांपुढे आणून त्यांनी तिची वेलनक्षी तयार केली: हिरवी पानं, पिवळी फुलं आणि पांढऱ्या रेशमात उमललेली बोंडं. नवरीच्या ब्लाउजच्या पाठीवर पऱ्हाटी! आधी बाया हसल्या, मग त्याच रांग लावू लागल्या. वेलीतल्या एका बोंडाची एक पाकळी काकूंनी अर्धीच ठेवली आहे.

"हे काऊन असं?" मी विचारलं होतं.

"अळीनं खाल्लं. शेत होय ते, सारी बोंडं सारखी कशी राहतीन?"

लग्नसराईच्या तोंडावर काकूंचा पेनड्राइव्ह घरच्या कॉम्प्युटरवर उघडेनासा झाला. वेलीच्या सगळ्या फाइली त्यातच होत्या. बसस्टँडकडच्या रस्त्यावर ओमप्रकाशचं दुकान आहे, पुढे कॉम्प्युटरची दुरुस्ती आणि मागच्या खोलीत त्याने नव्याने टाकलेल्या एम्ब्रॉयडरीच्या मशिनी. काकू तिथे गेल्या.

"अरे ताई, टेन्शन मत लो. व्हायरस असंन. ठेवून जा," तो म्हणाला.

काकू ठेवून आल्या. दोन दिवसांनी त्याने पेनड्राइव्ह परत दिला. "साफ करून देल्ला, ताई. पैसे राहू द्या, तुम्ही काय परक्या हाये का?" त्याच्या कॉम्प्युटरवर सगळ्या फाइली दिसत होत्या. काकू त्याचे गुण गात घरी आल्या, आणि घरी पुन्हा तेच टुंग.

तेव्हा त्यांनी मला हाक मारली. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आहे, त्यामुळे गल्लीतली प्रत्येक बिघडलेली वस्तू आधी माझ्यापुढे येते. काकूंचा सीपीयू टेबलाखाली असतो. वाकायला नको म्हणून त्यांनी लांब वायर जोडून तिचं टोक वर घेतलं होतं. ही वायर स्टुलाच्या पायाखाली दबून चपटी झाली होती. मी ती काढली आणि पेनड्राइव्ह थेट सीपीयूच्या मागच्या पोर्टला लावला. फाइली उघडल्या.

"पेनड्राइव्हले काहीच झालं नव्हतं, काकू. वायर खराब होती."

"मंग ओमप्रकाशनं दोन दिवस साफ काय केलं?"

मी ती वायर कचऱ्यात टाकली. काकूंनी विषय सोडून दिला. काम डोक्यावर होतं.

उत्तर त्यांना तळेगावात मिळालं. नात्यातल्या लग्नाला गेल्या होत्या. पंगतीत समोर बसलेली एक बाई वाढप्याकडे वळली आणि काकूंच्या हातातला घास हातातच राहिला. बाईच्या पाठीवर पऱ्हाटीची वेल होती. अर्धी पाकळी खाल्लेलं बोंडही होतं, जिथे असायला हवं तिथेच.

"ब्लाउज कुठून केला, बाई?"

"वर्ध्याहून. ओमप्रकाशकडून. त्याचं स्पेशल डिझाइन हाये म्हने."

बाईने मोठ्या अभिमानाने पाठ पुन्हा वळवून दाखवली. काकूंनी वेल जवळून पाहिली. कापड जागोजागी गोळा झालं होतं. नवी नक्षी आधी चिंधीवर काढून बघायची, धाग्याचा ताण नीट करायचा आणि मगच गिऱ्हाइकाच्या कापडाला सुई लावायची, हा या कामातला पहिला नियम. ओमप्रकाश चिंधी वाया घालवत नव्हता. नक्षी आली की थेट कापडावर. काकूंनी हे मनात नीट ठेवून घेतलं.

घरी आल्यावर काका म्हणाले, "जाऊन भांड ना त्याच्याशी."

"भांडली तर तो म्हनन, बोंडावर तुमचं नाव लिवलं हाये का? चार लोक हसतीन. मले त्याले हसवाचं नाई, रडवाचं हाये."

पुढचे काही दिवस काकूंचा कॉम्प्युटर दुपारभर चालू असायचा. त्यांनी नवी वेल तयार केली, पहिलीपेक्षा देखणी. पानांवर दवाचे ठिपके, कडेला बारीक नथीची नक्षी, मधोमध टपोरं उमललेलं बोंड. एकदा मी डोकावले.

"काकू, कसलं भारी झालं!"

"हो ना? पाहूनच लाळ सुटली पाह्यजे."

पडद्यावर बोंड बोंडासारखंच दिसत होतं. त्याच्या पोटात काकूंनी एकाच जागी शेकडो टाके रचून ठेवले होते, एकावर एक, कापडाला श्वास घ्यायला जागा न ठेवता. हा भाग त्यांनी अगदी शेवटी ठेवला. आधी पानं, फुलं, दव, नथ असं सगळं सुरेख उतरणार, पाहणारा खूश होणार, आणि मग सुई बोंडात शिरून तिथेच घाव घालत बसणार. मला हे त्यांनी नंतर सांगितलं. सांगताना हाताने सुईची नक्कल करत होत्या, खट खट खट.

फोल्डरला नाव दिलं, 'लग्नसराई नवीन'. पेनड्राइव्ह घेऊन त्या ओमप्रकाशकडे गेल्या आणि शक्य तितका रडका चेहरा केला.

"भाऊ, पुन्हा डिटेक्ट नाई होऊन राह्यला हो. तुमच्याशिवाय कोन हाये मले?"

"ठेवून जा ना, ताई. उद्या येजा."

"दोन-चार दिवस ठेवा. मले घाई नाई."

ठेवून आल्यावर काकूंनी त्या संध्याकाळी पुरणपोळी केली. सण कोणताच नव्हता.

बातमी आणली ती रेशमाचे धागे विकणाऱ्या हिरालालने. काकूंच्या ओट्यावर बसून तो रंगवून सांगत होता. "ओमप्रकाशकडे कालपासून तमाशा चालू हाये. नवरीचा ब्लाउज, भारी कापड. सारं डिझाइन झालं आन् शेवटी मशीननं धाग्याचा गोळाच केला. सुई तुटली. कापडाले एवढं भोक, मूठ जाईन! नवरीच्या मायनं दुकानासमोर उभी राहून त्याच्या सात पिढ्या काढल्या. मंगल कार्यालयातल्या बायाबी आल्या पाह्याले."

"अरेरे," काकू म्हणाल्या. "मंग नवरीनं काय घातलं?"

"मावशीचा ब्लाउज उसवून बसवला."

"चांगला बसला ना?"

"बसला म्हने."

काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. पोरीचं त्यांना वाईट वाटलं होतं, पण थोडंच. हिरालाल गेल्यावर त्या मशीनपाशी बसल्या आणि तोंडाला पदर लावून खूप वेळ हसल्या.

त्यांना वाटलं, आता ओमप्रकाश येईल. दारात उभा राहून ओरडेल, "हे तुम्हीच केलं!" मग त्या म्हणणार होत्या, "मी काय केलं, भाऊ? माह्या पेनड्राइव्हमधलं डिझाइन तुमच्या मशीनवर गेलं कसं?" हे वाक्य त्यांनी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, माझ्यासमोरही.

ओमप्रकाश आलाच नाही. त्या पेनड्राइव्ह आणायला गेल्या, तर त्याने पिशवीत घालून नेहमीसारखा हसत दिला. "झालं, ताई. व्हायरसच होता." आवाजात राग नाही, ओशाळलेपण नाही. मागच्या खोलीत मशिनी चालू होत्या. आता कापडावर कलश उतरत होते. पऱ्हाटी कुठेच नव्हती.

त्याला कळलं आणि भीतीने तो गप्प राहिला? की मशीनच बिघडली असं समजून त्याने सुई बदलली आणि विसरून गेला? काकू विचारू शकत नाहीत. विचारलं तर आपण केलं हे कबूल केल्यासारखं होईल. न विचारलं तर आरशासमोर घोकलेलं ते वाक्य तसंच पडून राहतं. नवीन सीझनची कामं आली आहेत, वेल पुन्हा फक्त त्यांच्याकडेच मिळते, बाया रांग लावतात. तरी दुपारी मशीन थांबवून त्या मला ओट्यावरून हाक मारतात.

"गुंजन, तू शिकलेली हायेस, सांग मले. ते मीच केलं, हे त्याले समजलं असंन का?"