भीमाचार्यांची दुसरी अंघोळ

चामराजपेटेत भीमाचार्यांना न ओळखणारा माणूस एखादा सापडेलही, पण 'हायब्रिड' या शब्दाचा अर्थ त्यांच्याकडून समजून न घेतलेला पेन्शनर सापडणं कठीण. संध्याकाळी मठाच्या कट्ट्यावर मंडळी जमली की कुणीतरी विचारायचंच, "आचार्य, काय म्हणते कंपनी? आमचा मुलगा घरूनच काम करेल, की बोलावतील परत?" आणि जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेले, मोबाइलवरचा फोटो मोठा करायला अजूनही शेजाऱ्याला हाक मारणारे आचार्य चष्मा पुसत सांगायचे, "बोलावतील हो. एवढाल्या बिल्डिंगा बांधून ठेवल्यात. पाट मांडून ठेवल्यावर जेवायला कुणी नको?"

हे ज्ञान त्यांनी मिळवलं होतं सुनेच्या मीटिंगांमधून.

सून नीलिमा. माहेर नागपूर, नोकरी व्हाइटफील्डच्या एका मोठ्या कंपनीत आणि सासर असं, की जिथली माणसं शेकडो वर्षांपासून बंगळूरात राहून घरात मराठीच बोलतात; फक्त त्या मराठीत मध्येमध्ये कानडी बसायला येतं आणि उठायचं नाव घेत नाही. नवरा प्रणीत बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात यंत्रांवर सुपरवायझर. त्याला वर्क फ्रॉम होमचा प्रश्नच कधी पडला नाही. लेथ मशीन काही दिवाणखान्यात मावत नाही.

या घरात सोवळं कडक. त्यांच्या बोलीत मडी. आचार्य जेवणार ते घरच्याच माणसाने अंघोळ करून, सोवळ्यात रांधलेलं. सासूबाई कृष्णाबाई होत्या तोवर ते राज्य त्यांचं होतं आणि नीलिमा बिनघोर ऑफिसला जात होती. कृष्णाबाई गेल्या आणि पंचाईत झाली. बरं, आचार्य रागावणाऱ्यांतले असते तर भांडता तरी आलं असतं. ते रागावत नसत. केळं खात, दूध पीत आणि "सरी, सरी, ठीक आहे, पोट भरलं" म्हणत. दोन महिन्यांत अंगरखा खांद्यावरून उतरायला लागला, तेव्हा नीलिमाने राजीनामा लिहून ठेवला.

तो पाठवायच्या आधी महामारी आली. सगळ्या जगाला घरात कोंडणारी ती बला या एका घरात मात्र नोकरी वाचवून गेली. नीलिमाला हे कबूल करायला आजही जड जातं, पण कबूल करते.

तरी अडचण होतीच. आचार्य जेवणार अकराला आणि टीमची मीटिंग बरोबर त्याच्या आधी. सोवळ्यात लॅपटॉपला हात लावला की सोवळं मोडलं. पुन्हा अंघोळ, पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या आठवड्यात नीलिमाचे केस दुपारपर्यंत वाळले म्हणून नाहीत. आठव्या दिवशी आचार्यांनी आपली वेताची खुर्ची स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ओढली, लॅपटॉप स्टुलावर ठेवायला लावला आणि विचारलं, "नीलम्मा, आवाज बंद करायचं बटन कुठलं?"

"अण्णा, तुम्ही?"

"तू आत रांध. बोलायचं असेल तेव्हा मान हलव. मी दाबतो."

अशी ती व्यवस्था बसली. आत डाळ शिजते आहे, बाहेर आचार्य एक बोट बटनावर ठेवून, पूजेला बसावं तसे ताठ बसले आहेत. नीलिमाने मान हलवली की आवाज सुरू. ती बोलून झाली की बंद. एकादशीला घरात चूल पेटत नसे, पण आचार्य उपाशीपोटी मीटिंगला हजर. हळूहळू सगळी टीम त्यांना आवाजावरून कळायला लागली. "तो प्राणेश आज बरा नाही. घसा ऐक त्याचा. विचार त्याला." नीलिमा विचारायची आणि टीममध्ये तिचं नाव झालं, की ही बाई फार माया करते. त्या नावातला निम्मा वाटा दाराबाहेर खुर्चीत बसलेला होता.

यातली एक गोष्ट मात्र कुणीच बोललं नाही. लॅपटॉपला हात लावल्यावर आचार्यांचंही सोवळं मोडायचं. म्हणजे सकाळी पूजेची अंघोळ झालेली असताना मीटिंग संपली की ते पुन्हा न्हाणीघरात जात. थंड पाणी, डिसेंबर असो की जानेवारी. आत तांब्याचे आवाज आणि कुडकुडत म्हटलेलं स्तोत्र. बाहेर येऊन पानावर बसत आणि म्हणत, "हं, वाढ." सुनेची नोकरी टिकावी म्हणून सत्तरी ओलांडलेला माणूस रोज दुसऱ्यांदा अंघोळ करतो, हे नीलिमाला दिसत होतं. आभार मानायला गेलं तर ते म्हणाले असते, कसले? म्हणून ती मानत नव्हती. भातावर तूप तेवढं जास्त वाढायची.

चार वर्षं अशी गेली. मग कंपनीच्या वरच्या साहेबांची मोठी मीटिंग झाली. आचार्य ती बजेटचं भाषण ऐकावं तशी कानामागे हात धरून ऐकत होते. निष्कर्ष: आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला यायचंच. घरी राहणाऱ्याला कुणी काढणार नाही, पण बढतीही देणार नाही.

आणि त्याच आठवड्यात नीलिमाचा मॅनेजर श्रीवत्स तिला म्हणाला, "मी वर जातोय. टीम तू सांभाळ. पण लीड ऑफिसात दिसायला हवा. गुरुवारी सगळ्यांसमोर सांग."

नीलिमाने प्रणीतला सांगितलं. प्रणीत म्हणाला, "घे की. अण्णांसाठी बाई ठेवू."

"बाईच्या हातचं ते खातील?"

"नाही," प्रणीत म्हणाला आणि त्याने टीव्हीचा आवाज स्वल्प वाढवला. या विषयावर त्याचं एवढंच मत होतं.

तेव्हा नकार ठरला. बुधवारी भाजी चिरताना तिने इंग्रजी वाक्य चारदा म्हणून पाहिलं, म्हणजे गुरुवारी अडखळायला नको.

गुरुवारी ती सोवळ्यात चुलीपाशी, आचार्य खुर्चीत. श्रीवत्सने विचारलं, "तर नीलिमा? येस ऑर येस?" टीम हसली. नीलिमाने मान हलवली.

आवाज सुरू झाला नाही.

तिने पुन्हा मान हलवली. आचार्यांचे दोन्ही हात मांडीवर.

"अण्णा, चालू करा."

"नाही."

"अण्णा!"

"नीलिमा, यू आर ऑन म्यूट," श्रीवत्स म्हणाला. मग प्राणेश म्हणाला. मग सगळे एकामागून एक म्हणाले. आचार्य छताकडे बघत बसले होते, शाळेत उत्तर येत असून न देणाऱ्या पोरासारखे.

"नेटवर्क गेलेलं दिसतंय," शेवटी श्रीवत्स म्हणाला. "सोमवारी सांग गं."

उंबरा ओलांडून तिला स्वतःला बटन दाबता आलं असतं. फार तर पुन्हा अंघोळ. रात्री तिने प्रणीतला खरं ते सांगितलं: पाय उचललाच नाही. उचलावासाच वाटला नाही.

मीटिंग संपल्यावर मात्र ती कडाडली. "हे काय केलंत? मी आता काय सांगू त्यांना?"

"काल काय घोकत होतीस? 'ड्यू टु पर्सनल रीझन्स.' मला इंग्रजी येतं हो. ते पर्सनल रीझन म्हणजे मीच ना?"

नीलिमा डाळ ढवळू लागली.

"हे बघ नीलम्मा, माझ्या नावावर नकार देऊ नकोस. द्यायचा तर स्वतःच्या नावावर दे. मग मी दहादा बटन दाबतो."

"आणि जेवाल काय? केळी?"

"मी रांधीन."

"तुम्ही? तुम्हाला गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा ते..."

"चार वर्षं या दारात बसलो, ते काय नुसता तुझा श्रीवत्स ऐकत? डोळेही होते मला." मग थोडा आवाज उतरवून म्हणाले, "घरच्या माणसाने रांधावं एवढंच शास्त्र आहे. मीही घरचाच. इतकी वर्षं कुणी सुचवलं नाही, मलाही सोयीचं होतं."

रविवारी रंगीत तालीम झाली. भात खाली लागला. साराला चिंच इतकी पडली की पहिला घास घेऊन प्रणीतने कारखान्याच्या कॅन्टीनचं तोंड भरून कौतुक केलं. "तुला कोण विचारतंय?" आचार्य म्हणाले आणि स्वतःच्या हातचं सगळं संपवून उठले. सोमवारी नीलिमाने मान हलवली. आचार्यांनी बटन असं दाबलं, की स्टूल हललं. "येस," नीलिमा म्हणाली.

ऑफिसच्या पहिल्या दिवशी ती मार्केटहून मेट्रोत बसली, मॅजेस्टिकला गाडी बदलून व्हाइटफील्डला पोचली. प्राणेश प्रत्यक्षात भलताच उंच निघाला. तो म्हणाला, "मॅडम, माझा घसा बसला की घरच्यांच्या आधी तुम्हाला कळायचं." तिने त्याला सगळं खरं सांगून टाकलं, खुर्चीसकट. तो दिवसभर ज्याला त्याला तेच सांगत सुटला. संध्याकाळपर्यंत टीम ठरवून मोकळी झाली की लीडच्या सासऱ्यांना एकदा भेटायचंच.

संध्याकाळी ती दमून घरी आली, तर आतल्या खोलीत पाट मांडलेला. केळीचं पान. आचार्य ओला पंचा खांद्यावर टाकून उभे.

"हातपाय धू. बस."

"तुम्ही जेवलात दुपारी?"

"जेवलो. बस म्हटलं ना."

या घरात सुना सगळ्यांत शेवटी जेवत. कृष्णाबाई तशाच जेवल्या, नीलिमाही तशीच. कुणी बळजबरी केली नव्हती, कुणी थांबवलंही नव्हतं. पानावर बसल्यावर तिला हात कुठे ठेवावा ते सुचेना. आचार्यांनी भात वाढला, वर सार ओतलं, तुपाची वाटी तिच्या पानावर जवळजवळ उपडीच केली आणि पळी हातात धरून समोर उभे राहिले.

"कसं झालंय?"

मीठ घालायचं राहूनच गेलं होतं.

"अण्णा," ती म्हणाली, "आणखी वाढा."