शेवटच्या रांगेपर्यंत आवाज

जनावरांच्या दवाखान्यात किस्से जमवावे लागत नाहीत. पेंडीच्या पोत्याच्या तळाशी चुरा साचतो, तसे ते आपोआप साचतात. कधीतरी पोतं झटकलं की कळतं, अरे, एवढं होतं! मला रोज झोपण्यापूर्वी चार ओळी लिहून ठेवायची सवय आहे, पण पुढचं सांगायला वही उघडायची गरज नाही. मॅडम आल्या त्या वर्षाचं सगळं तोंडपाठ आहे.

मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर. कॉलेजात असताना नाटकात काम करायच्या. पहिल्याच आठवड्यात त्या आमच्याबरोबर एका गावच्या सभेला आल्या. तिथे आमच्या दवाखान्यातला कचरू गिते लसीची माहिती सांगायला उभा राहिला आणि त्याने ती सगळी स्वतःच्या चपलांना सांगितली. परतताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "आपलं औषध चांगलं आहे, पण बाटलीतून बाहेरच येत नाही."

पुढच्या सोमवारपासून दवाखान्यात तालीम सुरू झाली.

*

पहिला धडा आवाजाचा. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे. मॅडम फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि सोळंकेला व्हरांड्यातून बोलायला सांगितलं. सोळंके आमच्यातला बोलका. तो फक्त परवानगीची वाट बघत होता.

"तुमच्या शेळीच्या पोटात जंत झालेत!" त्याने बेंबीच्या देठापासून आवाज लावला.

रस्त्यापलीकडचा हॉटेलवाला चहा गाळता गाळता तिथूनच म्हणाला, "कालच औषध पाजलं, साहेब."

*

मग थांबण्याचा धडा झाला. महत्त्वाच्या वाक्याआधी क्षणभर थांबायचं, म्हणजे लोक कान टवकारतात. सोळंकेला हे फार आवडलं. सिद्धेश्वर गावाकडच्या मेळाव्यात त्याने सांगितलं, "आता मी तुम्हाला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो." आणि थांबला.

लोकांनी कान टवकारले. सोळंकेला त्या शांततेची एवढी गोडी लागली की तो थांबूनच राहिला. सरपंचांना वाटलं, गडी विसरला. ते उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून "होतं असं, बसा" म्हणाले, आणि सगळ्यांचे आभार मानून मोकळे झाले.

ती महत्त्वाची गोष्ट अजून सोळंकेकडेच आहे.

*

एकदा भूमिकांची अदलाबदल केली. समोरच्याच्या जागी उभं राहिलं की त्याचं दुःख कळतं, असं मॅडमचं म्हणणं. सोळंके झाला डॉक्टर, मी झालो चिडलेला शेळीवाला. मागच्या खेपेला तुमच्या सुईने माझी शेळी लंगडी झाली, असा कांगावा मी सुरू केला. मला स्वतःलाच पटायला लागलं, इतकं ते काम रंगलं.

व्हरांड्यात एक बाई खरीच शेळी घेऊन बसल्या होत्या. त्या पदर खोचून आत आल्या आणि सोळंकेला म्हणाल्या, "काहून टोचता असं? त्या भावाचं जनावर वाया गेलं ना."

आम्ही समजावलं की हे नाटक आहे. बाईंना पटेना. शेवटी सोळंकेने नसलेल्या शेळीची माफी मागितली, तेव्हा कुठे त्यांनी आपली असलेली शेळी पुढे केली.

*

ऐकण्याच्या धड्यानेही घोटाळा केला. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, मान हलवायची, त्याला धीर द्यायचा. नेमके त्याच आठवड्यात जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले. त्यांनी विचारलं, लसीचा फ्रिज बंद पडलाय का? आम्ही प्रेमाने माना हलवल्या. म्हणजे चालू आहे? आम्ही पुन्हा हलवल्या.

साहेब मॅडमकडे वळले. "स्टाफ फार गोड आहे तुमचा. फ्रिजचं मात्र मी कुणाला विचारू?"

*

या सगळ्यात कचरू जिथल्या तिथे. गडी मेंढपाळाच्या घरातला. जनावर हातात आलं की त्याच्याशी तासभर बोलेल. चार माणसं समोर आली की चपला! नवख्या नटाच्या हातात काहीतरी द्यावं, हात गुंतले की जीभ सुटते, म्हणून मॅडमनी त्याला औषधाची बाटली धरायला दिली. त्याने ती हलवून हलवून नुसता फेस केला.

आणि नेमकी वेळ आली ती त्याच्यावरच. पुसेगावच्या शिवारात मेंढपाळांचे कळप उतरले होते आणि दुसऱ्या दिवशी पुढे निघणार होते. पोटाच्या रोगाची लस टोचायची तर आजच. पण या लसीने मेंढ्या गाभडतात, पोटातलं पिल्लू पडतं, अशी हूल कुणीतरी उठवलेली. आदल्या साली याच लोकांची कोकरं त्या रोगाने गेली होती आणि ती पुरायला कचरू स्वतः गेला होता. मॅडम म्हणाल्या, "तिथं तुमचंच ऐकतील, कचरूभाऊ. दुसऱ्या कुणाचं नाही."

निंबाखाली सगळे जमले. सगळ्यात म्हातारे बाबा काठी टेकून पुढेच बसलेले. त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं की सुई लावू देणार नाही. कचरू उभा राहिला. नजर खाली गेली. मला पुढचं दिसायला लागलं.

मॅडमना काय सुचलं कोण जाणे, जवळची एक गाभण मेंढी त्यांनी त्याच्या हातात दिली आणि पहिल्या धड्याप्रमाणे शेवटच्या रांगेच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

कचरू गुडघ्यावर बसला. मेंढीचं तोंड हातात घेऊन हळू आवाजात तिच्याशीच बोलायला लागला. "भिऊ नको, माय. तुझ्या पोटातल्याला काही व्हत न्हाई. मागल्या साली तुझं कोकरू म्याच पुरलं. औंदा ती येळ नको आपल्याला. सुई जराशी दुखंल. उद्या मलूल राहशील, परवा चरशील."

मागून मॅडमनी हात वर करून खूण केली. त्याने पाहिलं नाही. त्यांनी पुन्हा केली. शेवटी त्यांना राहवलं नाही. "कचरूभाऊ, आवाज! मागं काही ऐकू येत नाही."

मागं कुणी नव्हतंच. सगळे सरकत सरकत मेंढीभोवती येऊन बसले होते.

म्हाताऱ्या बाबांनी मान वळवली आणि ओठांवर बोट ठेवलं. "बाई, गप ऱ्हा जरा. त्यो मेंढीसंग बोलून राहिला."

कचरूने सुई टोचली, मेंढीला थोपटलं आणि सोडलं. बाबा काठी टेकत उठले, कळपात शिरले आणि आपली एक मेंढी ओढत घेऊन आले. ती त्याच्यापुढे उभी करून म्हणाले, "आता हिलाबी सांग."