शुद्ध आवाज

एसीच्या खोलीतल्या गालिच्याचा कोंदट वास आला की कोल्हापुरातलं ते सभागृह आठवतं. एम.टेक.ला असताना तिथे आम्हाला अनुभवी मार्गदर्शकांपुढे आपापलं संशोधन मांडायचं होतं. त्यांच्या होकाराशिवाय काम पुढे सरकणार नव्हतं. माझा प्रोग्राम बोललेलं ऐकून लिहून काढायचा आणि त्याला शिकवायला मी गावातल्या बायकांचे आवाज गोळा केले होते. पहिला आवाज मी हौसेने आईचाच लावला. "आज पाणी आलं न्हाय." पडद्यावर अगदी तेच उमटलं. पुढे बसलेले एक मार्गदर्शक सर हसले आणि मुद्दाम त्याच गावरान ढंगात म्हणाले, "पावणं, मशीन बरोबर हाय हो, बाईच अशुद्ध बोलतीया. नीट बोलणारी माणसं आणा की." सगळे हसले. ती माझी आई आहे, असं सांगायला तोंड उघडलं आणि "होय सर" एवढंच निघालं. त्या रविवारी गावी जाऊन मी आईला पुन्हा माईकसमोर बसवलं. "काय चुकलं रं माझं?" तिने विचारलं. 'न्हाय'च्या जागी मी तिच्याकडून 'नाही' म्हणवून घेतलं, सातदा. होकार मिळाला, पदव्युत्तर पदवीही मिळाली, घरातली पहिलीच. आता फोनवर माझ्याशी बोलताना आई त्या शब्दापाशी जरा थांबते आणि जपून 'नाही' म्हणते.