झुंबरच्या नावाचा बिल्ला

मी भारत. सरकारी कचेरीत कारकून होतो आणि आमच्या समता संघटनेचा चिटणीस. चिटणीस म्हणजे याद्या करणारा, सतरंज्या उचलणारा आणि आमचे अध्यक्ष खंडेराव काहीही म्हणाले की 'बरोबर आहे साहेब' म्हणणारा. यातलं शेवटचं काम मी फार मन लावून केलं.

२००५ साली संघटनेला पंचवीस वर्षं झाली. गंगापूर रोडवरचा एक हॉल घेऊन जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं ठरलं. झेंडे, पत्रकं, मोर्च्यांचे फोटो आणि बिल्ले. बिल्ले सुमनबाई पगारेंकडे होते. असणारच, सगळे त्यांनीच तर शिवले होते आणि दर अधिवेशनाचे थोडे जपूनही ठेवले होते! मी गोल पुठ्ठ्यावर नाव लिहून द्यायचो आणि सुमनबाई त्याभोवती साटीनच्या फितीच्या चुण्या घालायच्या. शिलाई मशीन त्यांच्या वसाहतीतल्या घरात दारालगतच होतं.

आणि काय सांगू तुम्हाला, समतेच्या संघटनेत बिल्ले तीन मापांचे! व्यासपीठावरच्यांना दुहेरी चुण्यांचा, चांगला बशीएवढा. प्रतिनिधींना एकेरी चुण्यांचा. स्वयंसेवकांना नुसती दोन बोटं फीत. पुऱ्या लाटणाऱ्या बायांना काहीच नाही. त्यांच्या पदराला पीठ लागलेलं असायचं तेवढंच. सोळा वर्षं हे चाललं आणि आम्हा शहाण्यांपैकी एकालाही त्यात काही खटकलं नाही.

खटकलं ते सुमनबाईंना. १९९६ च्या अधिवेशनाआधी वसाहतीतल्या बायांनी एकमुखानं त्यांचं नाव प्रतिनिधी म्हणून दिलं. प्रतिनिधीचा बिल्ला असेल त्यालाच बोलायला मिळायचं, पाच मिनिटं. कार्यकारिणीत एकही बाई का नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. महिनाभर त्या मशीन चालवता चालवता भाषण पाठ करत होत्या. मी पुठ्ठे द्यायला गेलो की म्हणायच्या, "ऐका हो भाऊ, बराबर हाय का सांगा." मी ऐकायचो. चांगलं होतं. खंडेरावांच्या भाषणापेक्षा कितीतरी चांगलं होतं.

यादी खंडेरावांपुढे गेली. त्यांनी सुमनबाईंच्या नावावर पेन टेकवलं. "बाईमाणूस बोलायला लागलं की घरची गाऱ्हाणी काढतं. शिवाय स्वयंपाकाकडं कोण बघणार? झुंबरचं नाव घाल. घर एकच आहे."

"बरोबर आहे साहेब," मी म्हणालो आणि माझ्या हातानं सुमनबाई खोडून झुंबर लिहिलं.

झुंबर म्हणजे सुमनबाईंचा नवरा. सिन्नरच्या एका कारखान्यात होता, कधी दिवसपाळीला, कधी रातपाळीला जायचा. अबोल आणि सरळ माणूस. बायको भाषण करणार म्हणून कारखानाभर पेढे वाटायचे तेवढे बाकी होते त्याचे.

आता हे दोघांना सांगायचं कोणी? चिटणीसानं. मी सुमनबाईंना म्हणालो, "वहिनी, झुंबरभाऊंनाच वाटतंय की तुमच्याऐवजी स्वतः जावं." आणि झुंबरला कंपनीच्या बसथांब्यावर गाठून म्हणालो, "वहिनी ऐनवेळी कचरल्या हो. म्हणाल्या, माझ्याऐवजी यांना पाठवा." दोन थापा आणि मी मोकळा. भांडण नको, संघटनेत बोभाटा नको. किती हुशार होतो मी! मला माहीत होतं, ही दोघं एकमेकांना विचारणार नाहीत. एकमेकांना लागेल असं बोलायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाजच होता.

सुमनबाईंनी नवऱ्याच्या नावाला चुण्या घातल्या. अधिवेशनात त्याचं नाव पुकारलं, तेव्हा झुंबर उठला, 'जय भीम' म्हणाला आणि खाली बसला. भटारखान्याच्या दारातून सुमनबाई बघत होत्या. त्यानंतर त्यांनी आमच्यासाठी एकही बिल्ला शिवला नाही. डोळ्यांना त्रास होतो म्हणाल्या.

२००३ साली झुंबर काविळीनं गेला.

तर आता प्रदर्शनासाठी मी त्यांच्या दारात. बिस्किटाच्या डब्यातून एकेक बिल्ला काढून त्यांनी माझ्या पिशवीत घातला. एक तेवढा मुठीत ठेवला. मी आपला कामाच्या घाईत! "तोही द्या वहिनी, शहाण्णवचा नाहीये आमच्याकडे."

"ह्यो नाय. ह्याच्यावरनं माझं मन उतरलं भाऊ. तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझं काय घेतलं नाय, पण माझी पाच मिनिटं घेतली. आन् घेऊन काय केलं, तर खाली बसले. मी सात वर्षं सरळ तोंडानं बोलले नाय त्यांच्याशी."

मी पिशवी खाली ठेवली. पुन्हा एक थाप मारून उठता आलं असतं, जीभ तशी सराईत होती. पण नाही जमलं. मी सगळं सांगितलं. पेन, बसथांबा, दोन्ही थापा.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बिल्ल्यावरच्या नावावरून अंगठा फिरवत म्हणाल्या, "दवाखान्यात शेवटच्या दिवशी मला म्हणत होते, तू भिऊन मागं का सरलीस गं? मला वाटलं, तापात बरळतात. मी म्हणलं, गप पडा."

मी मान खाली घालून रडलो. त्यांनी मला पाणी दिलं नाही. बरोबरच केलं.

मग बिल्ला पुढे केला. "न्या. पण खाली चिठ्ठी लावा. मला सांगितलं ते समदं लिहा."

मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात, ज्या अक्षरात याद्या लिहायचो त्याच: 'प्रतिनिधी म्हणून निवड सुमनबाई पगारे यांची झाली होती. अध्यक्षांच्या सांगण्यावरून त्यांचे नाव चिटणीस भारत याने खोडले आणि तो पतीपत्नी दोघांशी खोटे बोलला. झुंबर पगारे यांनी नाव मागितले नव्हते.'

उद्घाटनाला खंडेरावांनी ते वाचलं आणि लालबुंद झाले. "काढ ते! संघटनेची अब्रू जाईल."

"नाही काढणार," मी म्हणालो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. आणि चिठ्ठीपुढे जाऊन उभा राहिलो.

खंडेराव तणतणत पुढच्या टेबलाकडे गेले. तेवढ्यात सुमनबाई आल्या, बरोबर त्यांची मुलगी पायल. बापाच्या शेवटच्या दिवसांत आईच्या बाजूनं तीही त्याच्याशी तुटक वागली होती, हे मला त्या दिवशी कळलं. सुमनबाईंनी चिठ्ठीवर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. शेवटच्या ओळीपाशी बोट थांबलं.

"पायल," त्या म्हणाल्या, "ही ओळ तू वाच. मोठ्यानं वाच. तुझ्या बापाला ऐकू जाईल अशी वाच."

पायल पहिला शब्द वाचून थांबली. तिला पुढचं वाचवेना. मग सुमनबाईंनीच ती ओळ म्हटली, भाषण म्हणायच्या तशी, न अडखळता, आणि हॉलमधली सगळी माणसं ऐकत राहिली.