नंबर लागला नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, देवापुढे हात जोडते तिथंही नाही. बोलून सांगणं मला जमणारही नाही. चारचौघांत माझा आवाजच निघत नाही. पाहुणे आले की मी आत चहाच्या भांड्यापाशी उभी राहते. म्हणून लिहितेय. कोमलच्या जुन्या वहीत मागची काही पानं कोरी होती. ती कामावर गेलीय, हे गाडीवर. दुपारचं घरात कुणी नसतं.

कोमल माझी मुलगी, एकुलती एक. आता एकोणिसावं सुरू आहे. मेन रोडला साड्यांच्या दुकानात असते — साड्या उलगडून दाखवायच्या, गिऱ्हाईक गेलं की परत घड्या घालायच्या. तिचं एक बोलणं आहे, ते तिच्या तोंडात बसूनच गेलंय. "माझा कधी कुठं नंबर लागतो का?" दिवाळीत दुकानाची सोडत होती, सगळ्या पोरींनी चिठ्ठ्या टाकल्या, हिनं टाकली नाही. मैत्रिणी म्हणतात, "हिला शेजारी बसवू नका गं, आपलंही बक्षीस जाईल." सगळ्या हसतात. तीही हसते.

मला ते हसणं बघवत नाही. का बघवत नाही — तेच सांगायला बसलेय, आणि हात दुसरीकडेच चाललाय. जरा मागून सांगते.

मी निफाडकडच्या एका खेड्यातली. गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीला पुढच्या गावी चालत जायचं, रस्त्याला दोन्हीकडे ऊस. वडील म्हणाले, पोरीला एवढं पुरे. पण त्या चार वर्षांत जे शिकले ते नीट शिकले. अक्षर माझं चांगलं आहे. तिसापर्यंत पाढे अजून येतात. लग्न होऊन सातपूरला आले तर त्या पाढ्यांचं कुणाला काही नव्हतं. मला काही विचारावं असं घरात कुणाला वाटत नव्हतं, गल्लीत तर नाहीच.

मग कोमल झाली. चार वर्षांची असल्यापासून मी तिला शिकवायचे. परातीत पीठ पसरायचं आणि बोटानं अ काढायचा. ती विचारायची, आणि मला यायचं. तुम्हाला हे साधं वाटेल. पण कुणीतरी मान वर करून माझ्याकडे बघतंय, आणि मला उत्तर येतंय — असं माझ्या बाबतीत आधी कधी झालंच नव्हतं.

ती पहिलीला जायची त्या वर्षी मिस्टरांनी नाल्यापलीकडच्या मोठ्या इंग्लिश शाळेचा फॉर्म भरला. खाजगी शाळांत गरिबांच्या मुलांसाठी काही जागा असतात, आरटीईच्या. त्यांची सोडत निघते. नंबर लागला तर आठवीपर्यंत फी नाही. मिस्टर टेम्पो चालवतात. त्यांनी दोन खेपा सोडून सगळे दाखले काढले. पोरीला सांगायचे, "कोमे, तू टाय लावून जाशील बघ." ती माझ्या ब्लाउजच्या उरलेल्या पट्टीचा टाय करून गल्लीत मिरवायची.

हे सारखे गाडीवर, म्हणून फॉर्मवर फोन नंबर माझा होता. मंगळवारी मेसेज आला, इंग्लिशमध्ये. मी फोन घेऊन झेरॉक्सवाल्याकडे गेले. तो वाचून म्हणाला, "ताई, लागला की नंबर. आधी पेढे आणा. आणि शुक्रवारपर्यंत कागद घेऊन शाळेत जा, नाहीतर जागा पुढच्याला जाईल."

मला आनंद झाला. हे खोटं नाही. मिस्टर माल घेऊन बाहेरगावी गेलेले, शनिवारी यायचे. म्हटलं, आपण आधी शाळा तरी बघून येऊ. त्याच दुपारी कोमलला शेजारी ठेवलं आणि एकटीच गेले.

ऑफिसातल्या बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग सहज विचारलं, "मुलीचा अभ्यास घरी कोण घेणार?"

मी म्हणायला हवं होतं — मी. तोंड उघडलं नाही.

त्यांनीच समजून घेतलं. म्हणाल्या, "टेन्शन घेऊ नका. पुष्कळ पालकांना इंग्लिश येत नाही. ट्यूशन लावा म्हणजे झालं. तुम्ही फक्त डबा आणि युनिफॉर्म बघा." चांगली बाई होती. तिच्यावर मला काही ढकलायचं नाही.

घरी चालत येताना मी बोटांवर मोजत होते. महापालिकेच्या शाळेत गेली तर पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. चार वर्षं ती मला विचारेल. इंग्लिश शाळेत गेली तर पहिल्या दिवसापासून नाही.

बस, एवढंच मोजलं. तिचं काय होईल ते मोजलं नाही.

कागदांची पिशवी कपाटात वरच्याच कप्प्यात होती. बुधवारी कपाट उघडलं, पिशवी दिसली. गुरुवारी दिसली. शुक्रवारीही दिसली. हे मी मुद्दाम लिहितेय. घाबरून किंवा चुकून काही निसटलं, असं झालेलं नाही. तीन दिवस होते माझ्याकडे.

शनिवारी मिस्टर आले, चपला काढता काढताच विचारलं, "आला का मेसेज?" मी भाकरी थापत होते. मान वर केली नाही. म्हटलं, "नंबर लागला नाही."

त्यांनी चपला कोपऱ्यात सारल्या. मग म्हणाले, "जाऊ दे. आपलं कुठं काय लागतं."

कोमल दारात होती, गळ्यात ती पट्टी. म्हणाली, "मी काही चुकले का, पप्पा?"

"सोडतीत चुकायचं काय? नशीब असतं ते."

"मग माझं नशीब कसंय?"

"बापासारखं," म्हणून ते हसले. तीही हसली. तेव्हापासून ती तसंच हसतेय.

त्या जागेवर कोण बसलं मला माहीत नाही. कुणाचं तरी भलं झालं असेल, असं मनाला सांगून पाहिलं. ते फार टिकलं नाही.

आता जे सांगणार आहे ते मला सगळ्यात जड जातंय. पुढची चार वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गेली. रोज संध्याकाळी ती पाटी-दप्तर घेऊन माझ्यापुढे बसायची. मी पाढे घ्यायचे, शुद्धलेखन घ्यायचे. तिच्या शाळेच्या बाई मला म्हणाल्या, "अक्षर आईकडून आलंय वाटतं." मी तो शब्द कितीतरी दिवस मनात घोळवला. चोरून आणलेलं असं गोड लागतं का? मला लागलं.

पाचवीच्या सुरुवातीला तिनं इंग्लिशचं पुस्तक माझ्यापुढे धरलं. माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि पुस्तक हळूच मागे घेतलं. "राहू दे मम्मी, मी बघते." त्यानंतर तिनं मला काही विचारलं नाही. मग कशासाठी केलं मी ते?

तिची शाळा वाईट नव्हती. तिथं शिकून पुढे गेलेली पोरं आहेत आमच्याच गल्लीत. कोमल हुशार होती, तीही गेली असती. पण ती कुठं पुढेच झाली नाही. स्पर्धा असली की म्हणायची, नाव नको, माझा नंबर लागत नाही. बारावी झाल्यावर दुकानात लागली. शाळेत होती तेव्हा बाईंनी दोनदा घरी येऊन सांगितलं, पोरगी येत असून मागे राहते. मी त्यांना चहा दिला.

परवापरवा नर्सिंगच्या कोर्सचा फॉर्म निघाला. लहानपणापासून तिला तेच व्हायचंय, हे मला माहीत आहे. बाहुलीला पट्ट्या बांधायची ती. मिस्टर म्हणाले, "भर ना, कोमे. बारावीचे मार्क चांगले आहेत तुझे."

ती मोबाइलमधून मान न काढता म्हणाली, "लिस्टमध्ये नंबर लागायला नशीब लागतं, पप्पा. माझं पहिलीतच कळलं सगळ्यांना." मग माझ्याकडे बघून हसली. "हो ना मम्मी?"

मी तव्यावरची पोळी उलटली. म्हटलं, "हो."

फॉर्मची शेवटची तारीख काल होती. ह्या वेळी नऊ दिवस होते माझ्याकडे.