साडूभाऊंच्या घासायच्या मशिनी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जितकी मराठी घरं आहेत, त्यांतल्या प्रत्येक घरातली निदान एक तरी लाकडी वस्तू आमच्या साडूभाऊंनी पातळ केलेली आहे. आमच्या खासगी बाजारातल्या घरी पोळपाट आहे. साडूभाऊ त्याच्यावर 'जरा हात फिरवायला' म्हणून तो घेऊन गेले. परत आला तेव्हा आमची ही त्याच्याकडे बघत म्हणाली, "आता याच्यावर पोळी लाटायची, का यालाच तव्यावर टाकायचं?" कुणाच्या पाटाचं असं झालं, कुणाच्या देवघराच्या उंबऱ्याचं. पण गणेश मंडळाच्या चौरंगातला जो खड्डा त्यांच्या नावावर लागला, तो त्यांनी केलेला नाही. तो मी केला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

साडूभाऊ म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, हे इंदरगंजात मशिनी बघायला गेले. जयेंद्रगंजातल्या त्यांच्या घरामागे स्कूटर ठेवायची खोली होती. स्कूटर उन्हात गेली आणि खोलीत लाकूड घासायच्या मशिनी आल्या. विकत घेण्याची त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. शिसवीचा एक तुकडा टॉवेलात गुंडाळून ते दुकानात नेत, काउंटरवर ठेवत आणि म्हणत, "इस पर चलाके दिखाइए." दुकानदार म्हणे, "बाबूजी, डेमो नहीं होता." त्यावर साडूभाऊ शांतपणे म्हणत, "भैया, रबडी तो आप भी चखके लेते हो." मग ते स्टुलावर बसून राहत. गिऱ्हाइकं येत, जात, दुकानदार जेवून येई, साडूभाऊ तिथेच. शेवटी तो कंटाळून मशीन लावून देई. ती सुरू झाली की साडूभाऊ डोळे मिटून आवाज ऐकत, एखाद्या बैठकीत गवयानं षड्ज लावावा आणि जाणकारानं मान तिरकी करावी तसे. आवाज पटला नाही, तर टॉवेल गुंडाळून घरी.

अशा तीन मशिनी त्यांनी जमवल्या आणि तिघींचे स्वभाव ते मला सोयरीक सांगावी तसे सांगत. "नाना, ही पट्ट्याची म्हणजे फौजेतून आलेली. हिला सतत हलती ठेवायची. एका जागी जरा दम घेतला की तिथे खड्डा. ही थरथरणारी गरीब आहे बिचारी, पण पोचायला वेळ लावते. आणि ही गोल फिरणारी म्हणजे पुढारी. सगळीकडे फिरते, पण कुठे पुरावा ठेवत नाही." त्यांच्याकडे रेगमालाच्या, म्हणजे आपल्या काचकागदाच्या, चकत्या आणि पट्टे नंबरवार खिळ्यांना टांगलेले असत. जाड नंबरावरून एकदम बारीक नंबरावर उडी मारणारा माणूस त्यांच्या लेखी पहिलीतून थेट मॅट्रिकला बसणारा होता.

काम झालं की नाही, हे ठरवायला मात्र त्यांचा स्वतःच्या बोटांवर विश्वास नव्हता. मेहुणीची एक चंदेरी साडी होती. तिचा पदर ते लाकडावरून हलकेच ओढत. धागा अडकला तर लाकूड नापास, पुन्हा घासणं. "जे बोटाला कळत नाही ते हिला कळतं," असं साडीबद्दल ते म्हणत. मेहुणी म्हणे, "भाऊजी, हिला काय काय कळतं ते मला विचारा. लग्नाला नेसून गेले तर लोक विचारतात, घरात मांजर पाळलंय का?" भुशाची तक्रार तर वेगळीच. त्या घरी दिवाळीच्या चिवड्याला सागाचा वास येई. साडूभाऊंनी व्हॅक्यूम क्लीनरची नळी सायकलच्या ट्यूबनं मशिनीला जोडली होती. ती एकदा सुटली आणि शेजाऱ्यांची वाळत घातलेली धुणी बदामी झाली.

एवढ्या मशिनी असून त्यांनी कधी काही बनवलं का? नाही. मला याचं फार दिवस कोडं होतं. एक खुर्ची नाही, एक फळी नाही. लोकांच्या जुन्या वस्तू आणायच्या आणि घासायच्या. मग एकदा लक्षात आलं की त्यांना वस्तू गुळगुळीत करण्यात फारसा रस नव्हताच. त्यांना खाली काय आहे ते बघायचं असे. एखाद्या स्टुलावरचा रंग निघायला लागला की ते मला हाक मारत. "या, या, नाना! हा हिरवा बघा. म्हणजे हे आधी कुठल्या तरी दवाखान्यात होतं. आणि हिरव्याखाली गुलाबी! दवाखान्याच्या आधी घरात मुलगी होती." आणि गुलाबीच्या खाली काय, म्हणून पुन्हा मशीन सुरू. पोळपाट पातळ होत ते याच्यापायी. थांबायचं कुठे, हे त्यांना समजायचं नाही, कारण खाली अजून काहीतरी असे.

आता चौरंग. आमच्या मंडळाचा गणपती ज्यावर बसतो तो चौरंग फार जुना. दर काही वर्षांनी कुणी उत्साही माणूस त्याला नवा ऑइलपेंट फासायचा, त्यामुळे त्याच्या अंगावर रंगाची सालच चढली होती. मी तेव्हा कार्यवाह होतो. स्थापना तोंडावर आलेली, म्हणून मीच तो साडूभाऊंकडे पोचवला. दुसऱ्या दिवशी गेलो तर ते जमिनीवर पालथे पडून चौरंगाच्या कोपऱ्याकडे बघत होते. नाण्याएवढ्या जागेतला रंग त्यांनी हातानं उतरवला होता आणि तिथे एक बारीक रेघांचं चित्र डोकावत होतं. पक्ष्याचा पाय. तीन नख्या, अगदी स्वच्छ.

"मोर असेल का हंस?" ते कुजबुजले. "आता मशीन नाही लावायची, नाना. हे सगळं हातानं उतरवायचं. थोडे दिवस द्या."

मी म्हणालो, "अहो, दिवस कुठून देऊ? मांडववाले आलेत, मंडळी बोंब मारताहेत."

"तुम्ही बसा. मी बारीक रेगमाल घेऊन येतो," म्हणून ते घरात गेले. मला बसवेना. पट्ट्याची मशीन समोर होती, तिला जाड नंबरचा पट्टा लावलेला. मनात म्हटलं, यांचं कौतुक चालू राहील आणि गणपती पाटावर बसवावा लागेल. मी खटका दाबला. मशीन पुढे सुटली, मी घाबरून तिला दाबून धरली, आणि जे करायचं नसतं नेमकं तेच झालं. ती एका जागी फिरत राहिली. साडूभाऊ धावत आले, त्यांनी प्लग काढला आणि मशीन माझ्या हातातून घेतली. चौरंगाच्या मधोमध, नेमकं पक्ष्याचं अंग असणार तिथेच, नाली पडली होती.

नेमके त्याच वेळी आमचे तरुण खजिनदार दारात आले. साडूभाऊंच्या हातात मशीन, समोर खड्डा. "अरे काका! ये क्या कर दिया आपने! थांबायचं ना कुठेतरी!"

साडूभाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "पट्टा जाड होता." मी काहीच बोललो नाही.

पुट्टी भरून, वरून सोनेरी रंग मारून चौरंग उभा केला. पण गोष्ट गावभर झाली. मंडळाचं मखर घासूनपुसून द्यायचं काम दर वर्षी साडूभाऊंकडे असे, ते गेलं. लोक लाकडी वस्तू द्यायचे बंद झाले. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात एक बाई मेहुणीला सर्वांदेखत म्हणाल्या, "तुम्हाला लाकडाचं वाण नको हं, तुमच्याकडे टिकणार नाही." मेहुणी हसली, घरी आली आणि तिन्ही मशिनी माळ्यावर टाकायला लावल्या. साडूभाऊंनी त्या निमूटपणे टाकल्या. आमच्या हिनं हे मला जेवताना सांगितलं.

मी दुसऱ्या सकाळी जयेंद्रगंजात गेलो आणि दोघांसमोर सगळं सांगितलं. मेहुणी नवऱ्याकडे बघत राहिली. "आणि तुम्ही मला पण नाही बोललात? मी किती टाकून बोलले तुम्हाला!" तिचे डोळे भरले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, मंडळात पण सांगाल?"

"आजच सांगतो," मी म्हणालो. आणि सांगितलंही. पण ते संध्याकाळचं.

त्या वेळी साडूभाऊ खुर्ची ओढून माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता रागावतील. तेवढीच माझी सुटका झाली असती.

"नाना, एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून विचारलं नाही कधी. तो पट्टा फिरला ना, तेव्हा रंग निघून लाकूड लागायच्या आधी क्षणभर तरी ते चित्र दिसलं असणार. तुम्हीच तेवढे होतात तिथे. काय होतं हो? मोर होता का?"

मी आठवून आठवून पाहिलं. धूळ आठवली, दाराकडे लागलेलं माझं लक्ष आठवलं. मोर म्हणून टाकलं असतं तरी चाललं असतं.

"मी बघितलं नाही, साडूभाऊ."

"एखादा रंग?"

"नाही."

त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर बोटानं तीन नख्या काढून पाहिल्या.

"हंसच असणार," ते म्हणाले. "मोराचे पाय इतके मन लावून कोणी काढत नाही."